छावणीतला हौद

टँकर पुन्हा सुरू झाला आहे. सकाळी नवाच्या सुमाराला तो वेशीशी येतो, ड्रायव्हर हॉर्न दाबून धरतो आणि गल्लीभर निळ्या पिंपांचा खडखडाट होतो. माझे वडील, आप्पा, गेल्यावर मी केजहून आठ दिवसांसाठी म्हणून या घरी आले होते. घर आवरायचं, पुस्तकं वाटून टाकायची, कुलूप लावायचं, एवढंच काम होतं. आता तिसरा महिना चालू आहे. पुस्तकं जागची हललेली नाहीत. एखादं उचलते, पान उघडलं की समासात त्यांच्या पेन्सिलची बारीक रेघ दिसते आणि त्या दिवसाचं आवरणं तिथंच थांबतं. पाणी शेजारची सुमन भरून देते. मी दारात उभी असते. ती घागर ठेवते आणि जाते.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या प्रार्थनामंदिरात प्रभुभोजन असतं. ज्वारीच्या भाकरीचे लहान तुकडे केलेलं ताट सतरंज्यांवरून हातोहात फिरतं. मागून मनुकांच्या काळ्या पाण्याचे छोटे पेले येतात. तुकडा हातात धरून ठेवायचा आणि सगळ्यांना मिळाला की एकदम खायचा. ते आठवणीचं जेवण आहे, असं आप्पा दर वेळी सांगत. गेल्या महिन्यात ताट माझ्यापाशी आलं, टेबलामागे आप्पांच्या जागी दुसरंच कुणी उभं होतं, आणि मी तुकडा न घेता ताट पुढं दिलं. मला त्या दिवशी आठवण नको होती. पण ताट पुढं देताना माझ्या हाताची जी हालचाल झाली ती माझी नव्हती. ती मी पूर्वी कुणाकडून तरी पाहिलेली होती. घरी येताना आठवलं, ती गयामावशीची होती.

गयामावशीच्या त्या उन्हाळ्याचा वास अजून नाकात आहे. तापलेल्या पत्र्याचा, कडब्याच्या धुळीचा, छावणीत चाऱ्याला आणलेल्या उसाच्या वाढ्यांचा गोडसर, त्यात शेणाचा आणि ओल्या ताडपत्रीचा. मी बी.ए.ची परीक्षा देऊन घरी आले होते. हातात पुस्तक असायचं, पण ऊन इतकं की पानावरची अक्षरं पांढरी दिसत.

आमचं गाव नांदूरघाटाच्या पुढं, माळावरचं. गावाच्या पूर्वेला वीस-बावीस घरांची आमची बाप्टिस्ट मंडळी. गावात मंडळी म्हणजे जमलेली माणसं, थट्टेत म्हणाल तर बायको. आमच्याकडे मंडळी म्हणजे चर्च. तेही भिंती नव्हेत, माणसं. आप्पा या बाबतीत फार काटेकोर. कुणी म्हणालं, "मंडळीचं छप्पर गळाया लागलंय," की ते म्हणत, "छप्पर मंदिराचं गळतंय. मंडळी गळाली तर मला सांगा."

ते त्या मंडळीचे पाळक होते. दिवसा शाळेत शिकवत, म्हणून सगळं गाव त्यांना मास्तर म्हणे. पाळक म्हणून त्यांना वरून कुणी पाठवलं नव्हतं. आमच्यात वर कुणी बसलेलंच नसतं. मंडळीनं आपल्यातूनच त्यांना निवडलं होतं, आणि दरवर्षी एका रविवारी उपासना संपली की ते आपली वही टेबलावर ठेवून बाहेर जात व दारातल्या लिंबाखाली बसत. पुढल्या वर्षी हेच पाळक राहावेत की नाही, ते आत मंडळी हात वर करून ठरवी. लहानपणी मला त्याची लाज वाटे. वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोरासारखे माझे वडील झाडाखाली बसलेले. एकदा मी विचारलं, "आप्पा, तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटती ना," ते म्हणाले. "म्हणून तर जातो."

पुढे नोकरीत मी पुष्कळ माणसं खुर्चीवर बसलेली पाहिली. वर्षातून एकदा आपल्या पायानं खुर्चीवरून उठून जाणारा माणूस दुसरा पाहिला नाही.

आमच्यात तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत. बाळाला हातांवर घेऊन प्रार्थना करतात आणि आईकडे परत देतात. बाप्तिस्मा ज्याचा त्यानं मागायचा, कळत्या वयात, आपल्या तोंडानं. आणि तो चार थेंब शिंपडून नाही, सबंध पाण्याखाली जाऊन. खाली जाणं म्हणजे जुन्या माणसाला पुरणं आणि वर येणं म्हणजे नव्यानं उठणं. "दुसऱ्यासाठी पाणी भरता येतं," आप्पा म्हणत, "दुसऱ्यासाठी विश्वास ठेवता येत न्हाई." पाळकाची मुलगी असून मी विसावं सरलं तरी बाप्तिस्मा मागितला नव्हता. बायका मायला विचारत, "पोरीचं काय मग?" माय आप्पांकडे बघे. आप्पा पुस्तकात बघत. त्यांनी मला एकदाही विचारलं नाही. घरात पाळक असूनही माझं मन माझं राहिलं, ही किती मोठी गोष्ट होती ते तेव्हा कळलं नाही.

मंदिरात व्यासपीठाच्या फळ्यांखाली सिमेंटचा हौद आहे. बाप्तिस्मा असला की फळ्या काढून तो भरायचा. त्या उन्हाळ्यात हौद कोरडा होता आणि त्यात पेंडीची पोती होती. त्याचं असं झालं, की गावच्या दूध सोसायटीनं माळावर जनावरांची छावणी उघडली. सहकारी सोसायटी, ज्याच्या दारात दुभतं जनावर, तो सभासद. त्यात पाटील होते, आम्ही होतो, बौद्धवाड्यातली घरं होती. दूध आटलं तेव्हा निदान जनावरं तरी वाचवू म्हणून सगळ्यांनी मिळून ती छावणी चालवली. पेंड ठेवायला कोरडी, उंदरांपासून सुरक्षित जागा मिळेना, तेव्हा सोसायटीचे चेअरमन आमच्या ओट्यावर येऊन बसले.

"मास्तर, तुमचा हौद रिकामाच हाय म्हणत्यात."

"रिकामा हाय. पण माझा न्हाई. मंडळीला विचारतो."

"आमच्यातबी असंच हाय बघा," चेअरमन हसले. "नावाला चेअरमन, आन बैलाला पेंड घालायची तरी ठराव."

मंडळीनं हात वर केले आणि हौदात पेंड आली. मग दर रविवारी पहिल्या गाण्यालाच कुणीतरी शिंके, आणि पाठोपाठ सगळी सतरंजी शिंके.

गयामावशी माझी सख्खी मावशी नव्हे. सगळ्या मंडळीचीच ती मावशी. सत्तरीची, काळीसावळी, दम्यानं छाती सतत वाजणारी. चाळीस वर्षं ती दर रविवारी यायची आणि भिंतीकडेच्या शेवटच्या सतरंजीवर बसायची. गाणी तिला सगळी पाठ. पण तिचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, म्हणून ती प्रभुभोजन घेत नसे. ताट आलं की दोन्ही हातांनी धरी, क्षणभर त्यात बघे, आणि जवळ उभ्या असलेल्या डीकनच्या हाती देई. डीकन म्हणजे मंडळीच्या कामाला निवडलेला माणूस. आमचे डीकन लाजरसकाका, धंद्यानं गवंडी.

ती थांबली होती ते पाण्याच्या भीतीनं. ती नऊ वर्षांची असताना तिची धाकटी बहीण सोनी तिच्या डोळ्यांदेखत विहिरीत पडली. वर आलेले केस पाण्यावर पसरले होते तेवढे तिनं पाहिले. तेव्हापासून ती अंघोळसुद्धा डोळे उघडे ठेवून, तांब्या-तांब्यानं करायची. तिच्या नवऱ्यानं बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी ती मंदिराबाहेर पाठ करून उभी होती म्हणे. आप्पा तिला कधी काही म्हणाले नाहीत. जसं मला म्हणाले नाहीत, तसंच.

त्या उन्हाळ्यातल्या एका रविवारी उपासना संपल्यावर ती भिंतीला धरून उठली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "मास्तर, मला बुडवा."

सगळे वळून बघायला लागले. लाजरसकाका म्हणाले, "आताच कावून, मावशे? चाळीस साल कुटं गेलतीस?"

"आता हिरीत पानीच न्हाई. भ्यायचं कुनाला?"

सगळे हसले. मग तिला लागलेला दम थांबेपर्यंत सगळे उभे राहिले. ती हळू म्हणाली, "केजच्या डाक्टरनं छातीला नळी लावली आन तोंड वाकडं केलं. म्होरला पावसाळा मला घावंल असं वाटंना. त्या ताटातला तुकडा एकदा खाऊन जावा म्हनते."

बाप्तिस्म्याची विनंती मंडळीसमोर ठेवायची असते. पुढल्या रविवारी सभा बसली. ज्यांचा बाप्तिस्मा झाला आहे तेच सभासद, त्यांनाच मत. त्यामुळे गयामावशी आणि मी, दोघी बाहेर लिंबाखाली. खिडकी उघडी होती. आतलं सगळं ऐकू येत होतं.

"काय चाललंय ग?" तिला नीट ऐकू येत नसे.

"तुमचंच चाललंय."

"माझं लगीनबी असंच ठरलं. मी भाईर, आन आत मान्सं." ती पदरानं वारा घेत राहिली. "तू कावून भाईर? तुला कशाचं भ्याव? दिसभर पुस्तकात बुडतीस की."

मी पुस्तक मिटलं.

आत लाजरसकाका बोलत होते. मनानं फार चांगला माणूस, आणि त्यांचं बोलणं खोटं नव्हतं. "देव काय घागरी मोजीत बसलाय का? गाव टँकरवर हाय. म्हातारीला दम हाय. पान्याखाली गेली आन वर न्हाई आली तर? ओंजळभर पानी डोक्यावर शिंपडा. बाकीचं देव समजून घेतो."

मग आप्पांचा आवाज. वर्गात जसा तसाच, न चढणारा. म्हणाले, "देव समजून घेईल, त्याबद्दल माझी शंका न्हाई. पण मावशीनं चार थेंब मागितले न्हाईत. जे मागितलं ते देता येत नसलं तर तसं सांगू, थांबू. मोठ्या ताटाचं झाकण दाखवून जेवण झालं म्हणू नये."

मग हात मोजल्याचं ऐकू आलं. चौदा हात शिंपडण्याच्या बाजूनं, नऊ आप्पांच्या. पाळकाचा हातही एकच.

ते बाहेर आले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. हरलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर काहीतरी असतं, ओठाच्या कडेला तरी. तिथं काही नव्हतं. ते मावशीसमोर उकिडवे बसले, तिला ऐकू जावं म्हणून जवळ वाकले. "मावशी, मंडळीनं ठरवलंय. पुढल्या रविवारी तुम्हाला शिंपडून बाप्तिस्मा द्यायचा. चालंल का?"

मंडळीनं ठरवलंय, एवढंच. आपलं मत निराळं होतं हे त्यांनी सांगितलं नाही. मी ऐकलं नसतं तर मलाही कधी कळलं नसतं.

"शिंपडून म्हंजी कितीक पानी?"

"ओंजळभर."

मावशीनं पदराचा वारा थांबवला. तिच्या छातीचा आवाज तेवढा येत होता. मग ती अशी बोलली की आतली माणसं दारात आली.

"ओंजळीला भ्याले व्हते व्हय मी? चाळीस वर्सं ते ताट म्होरं सारलं ते ओंजळभर पान्यापायी? मग तवाच सांगायचं व्हतं की, गया, तुझं डोस्कं भिजवतो, ये! माझा धनी व्हता तवा. त्याच्या शेजारी बसून एकदा तरी खाल्लं असतं. मी थांबले कारन ते खरं व्हतं. आता म्हनता, तसंबी चालतंय?"

माझ्या हातातलं पुस्तक मिटलेलं होतं. आमच्या नियमाचं इतकं सरळ समर्थन मी कुठल्या उपदेशात ऐकलं नव्हतं, आणि ते जिच्या तोंडून आलं तिला मत नव्हतं.

सगळ्यांत आधी लाजरसकाका पुढं आले. डोक्याची टोपी काढून म्हणाले, "चुकलं, मावशे."

"चुकलं न्हाई. आता मला उचलायला तूच ये."

सभा पुन्हा बसली, आणि या वेळी लिंबाखालीच. मावशी मधोमध. बुडवायचं ठरलं. पण पाणी? आप्पांनी एक गोष्ट पहिल्यानंच सांगितली. टँकरच्या पाण्याला हात लावायचा नाही. "लोकांच्या तोंडचं पाणी घेऊन आपण देवाच्या नावानं बुडायचं, हे मला जमणार न्हाई. पाऊस पडेस्तोवर थांबू."

"पाऊस थांबंल, मी न्हाई थांबायची," मावशी म्हणाली. मग जरा वेळानं, जणू भाजीचं बोलावं तसं बोलली, "माझी कपिली पिती त्या हौदात काय वाईट हाय?"

छावणीत एक लांबरुंद चर खणून, ताडपत्री अंथरून जनावरांसाठी हौद केला होता. लांबच्या एका दगडखाणीतलं पाणी, माणसांनी पिण्यासारखं नसलेलं, त्यात आणून ओतत. गयामावशी दिवसभर आपल्या गाईजवळ तिथंच बसलेली असे. रोज ते पाणी बघे.

माय म्हणाली, "प्रभूला गव्हाणीत निजवलं. मग मावशीला हौदाचं काय?" तसंच ठरलं.

पण हौद सोसायटीचा. दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर आप्पा छावणीत गेले. मीही गेले. कडब्याच्या सावलीत सभासद जमले होते. आप्पांनी सगळं सांगितलं. पाणी सांडणार नाही, साबण नाही, काही नाही, जितकं आहे तितकंच राहील.

एक म्हातारे तात्या होते. ते दुसरीकडे बघत म्हणाले, "मानूस बुडल्यालं पानी जनावर पेनार न्हाई, मास्तर."

ते 'माणूस' म्हणाले. पण कुठलं माणूस, ते तिथं बसलेल्या प्रत्येकाला कळलं. गयामावशीच्या लहानपणी तिच्या लोकांना गावाच्या पाणवठ्यावर पाय ठेवता येत नव्हता. सोनी पडली ती विहीर वेगळी होती, गावापासून लांब, कठडा नसलेली. कठडा असता तर कदाचित पडली नसती. हे मला त्या क्षणी, तिथं उभी असताना पहिल्यांदा सुचलं, आणि मावशीच्या भीतीचा अर्थच बदलून गेला.

बोलला तो सोसायटीचा सेक्रेटरी भीमराव, बौद्धवाड्यातला. "जनावर पितं का न्हाई ते जनावराला ठरवू द्या की, तात्या. लई वाटत आसंल तर तुमच्या म्हशीला सभासद करू. तिचंबी मत घिऊ."

हसू पसरलं. तात्यासुद्धा मिशीत हसले, पण मान हलवली नाही. चेअरमन उठले. त्यांना एका शब्दात होय म्हणता आलं असतं. गावात त्यांचा शब्द चाले. पण ते म्हणाले, "मंडळी, हात वर करा."

मंडळी. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. आमचा शब्द त्यांच्या तोंडी होता, की त्यांचाच पूर्वी आमच्याकडे आला होता, कुणास ठाऊक.

हात वर गेले. सगळे नाही, पण पुरेसे. चेअरमन आप्पांना म्हणाले, "तुमच्या हौदात आमची पेंड, आमच्या हौदात तुमची मावशी. फिट्टंफाट!"

रविवारी सकाळी, जनावरं पाण्यावर सोडण्याआधी, आम्ही माळावर गेलो. ऊन अजून कोवळं होतं. छावणीतली माणसं आपापल्या दाव्यापाशी उभी राहून बघत होती. मावशीनं मायचं पांढरं लुगडं नेसलं होतं. पाणी मांडीइतकंच. लाजरसकाकांनी तिला उचलून आत उतरवलं आणि पाण्यात बसवलं. तिनं आप्पांचं मनगट इतकं घट्ट धरलं की पुढं आठवडाभर तिथं वळ होते.

"डोळे उघडे ठेवले तरी चालंल," आप्पा म्हणाले. "माझ्या तोंडाकडं बघा."

"तुमचं तोंड बघून बुडायचं म्हंजी..." ती पुटपुटली, आणि लाजरसकाका भर पाण्यात हसले.

आप्पांनी विचारलं, "मावशी, प्रभूवर तुमचा विश्वास हाय का?"

"हाय. न्हाईतर कशाला बसले असते हितं?"

एक हात तिच्या मानेखाली, एक तिच्या हातांवर. आप्पा नेहमी सांगत, बुडवताना मान सांभाळायची, बाकीचं पाणी सांभाळतं. त्यांनी शब्द म्हटले, आणि ती मागे गेली. पाणी तिच्या चेहऱ्यावरून मिटलं. तिचे पांढरे केस सुटून क्षणभर पाण्यावर पसरले. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ती वर होती, खोकत होती, नाकातोंडातून पाणी येत होतं, आणि ती आप्पांकडे अत्यंत आश्चर्यानं बघत होती.

"एवढंच व्हय?" ती म्हणाली. मग हुंदका आला की हसू, ते तिलाही कळलं नसावं. "एवढंच व्हय, सोने?"

आमच्याकडच्या कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आमच्यात ती रीत नाही. गाणं सुरू झालं. मावशीला काठावर बसवलं, अंगावर चादर घातली, आणि मग सगळ्यांच्या नजरा हौदाकडे गेल्या. कपिली आली, मावशीची गाय, तिनं तोंड घातलं. पण ती घरचीच. थोडा वेळ कुणीच दुसरं दावं सोडेना. तेव्हा चेअरमननी आपली बैलजोडी स्वतः सोडून आणली, गड्याला सांगितलं नाही. बैल प्यायले. आणि मग मागं गलका झाला. तात्यांची म्हैस दावं तोडून आली होती. मालकाचं मत न विचारता ती सरळ गळ्यापर्यंत हौदात जाऊन बसली.

"झालं मतदान," भीमराव म्हणाला.

त्याच दिवशी मंदिरात प्रभुभोजन ठेवलं होतं. पेंडीच्या पोत्यांवर फळ्या, फळ्यांवर टेबल, टेबलावर ताट. मावशी ओल्या केसांनी आपल्या जागी, भिंतीकडे. ताट पुढून निघालं. रांगेरांगेनं आलं. प्रत्येकानं तुकडा उचलून हातात धरला. ताट मावशीपाशी आलं. तिनं दोन्ही हातांनी धरलं, क्षणभर त्यात पाहिलं, आणि लाजरसकाकांच्या हाती देऊन टाकलं.

चाळीस वर्षांची सवय. तिला कळलंच नाही. काकांनाही कळलं नाही. ते सवयीनंच ताट घेऊन टेबलाशी गेले आणि ठेवून दिलं. आप्पांनी हातातला तुकडा वर उचलला होता. तो तसाच थांबला. त्यांनी शेवटच्या सतरंजीकडे पाहिलं. मावशी हात मांडीवर ठेवून, रिकामी, समाधानानं बसली होती.

"थांबा," आप्पा म्हणाले. "एकजण राहिलं."

काका ताट घेऊन धावत मागे जाऊ शकले असते. आप्पांनी त्यांना खुणेनं थांबवलं. ताट त्यांनी पहिल्या रांगेतल्या पहिल्या माणसाच्या हातात दिलं. ज्यांनी आपापला तुकडा आधीच घेतला होता त्यांच्या हातांतून ते पुन्हा सगळ्या मंडळीतून फिरलं. एका मुठीत तुकडा, दुसऱ्या हातात ताट. कुणी घाई केली नाही. माझ्या हातांतूनही ते गेलं. मला घ्यायचा अधिकार नव्हता, पण द्यायचा होता. मावशीसमोर ताट आलं तेव्हा तिनं वर पाहिलं, सगळे तिच्याकडे बघत होते, आणि मग तिला कळलं.

"आगं माय," ती म्हणाली. "इसरलेच की."

तिनं तुकडा घेतला. मग मी सोडून सगळे एकदम जेवले.

तिनं तो पावसाळा पाहिला, त्यापुढचे दोनही पाहिले. बुडवल्यानं दमा पळाला असं ती केजच्या डॉक्टरला सांगून आली. पाऊस झाल्यावर हौदातली पोती निघाली, आणि दिवाळीनंतर त्याच हौदात मी बुडाले. पाण्याला पेंडीचा वास होता. मी मागितला तेव्हा आप्पा फक्त एवढंच म्हणाले, "मंडळीला विचारतो." आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले.

परवा त्या सभेची वही सापडली. आप्पांचं अक्षर, काळी शाई. शिंपडण्याचा ठराव लिहिला आहे, मतं लिहिली आहेत. खाली एक ओळ: 'पाळकांचं मत पडलं.' त्याखाली दुसरी: 'नंतर गयाबाईंनी मंडळीला समजावलं.' स्वतः काय बोलले, ते त्यांनी लिहिलेलं नाही.

त्यांना मातीत उतरवताना लाजरसकाका खड्ड्यात उभे होते. आता तेही थकलेत. वरून हात खाली येत होते, आणि काका म्हणत होते, "मान सांभाळा. मान सांभाळा, बाकीचं..." मला ते ऐकवलं नाही. ज्या हातांनी आम्हा सगळ्यांना खाली नेऊन वर आणलं, ते हात खाली राहिले. वर यायचं आहे, हे माझ्या विश्वासात आहे. पण विश्वासाला वेळ लागतो, हे मला मावशीनं शिकवलं आहे.

आज सकाळी काका दारात आले. आत येईनात. म्हणाले, "परवा पहिला ऐतवार. ताटातली भाकर तुमच्याच घरनं येत आल्याय. गेल्या महिन्याला सुमननं केली. ह्या खेपंला कुनाला सांगू?"

ते काठी टेकून उभे राहिले, मग जाता जाता म्हणाले, "आन ताट म्होरं दिलंस तरी दे, पोरी. आमी आनू माघारी."

नवाला टँकरचा हॉर्न वाजला. सुमन घागर न्यायला दारात आली, तेव्हा मी तिच्या हातातून घागर घेतली आणि रांगेत जाऊन उभी राहिले. ऊन चढत होतं. पीठ चाळून ठेवलं आहे. भाकरी एकच करायची असते. तिला पाणी लागतं ओंजळभर.